मेणबत्ती का विझली? शास्त्रीय कारण द्या

'पेल्याखाली झाकलेली मेणबत्ती काही वेळाने विझते. शास्त्रीय कारण द्या.' दोन मार्क.

हा प्रश्न मी एकतीस वर्षं सातवीच्या पेपरात घातला. ज्या पोराने 'ऑक्सिजन संपतो' असं लिहिलं त्याचा अर्धा मार्क न चुकता कापला. संपत नाही रे बाबांनो, कमी पडतो. मेणबत्ती विझते तेव्हाही पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, फक्त ज्योतीला तेवढा पुरत नाही. पेला मोठा असेल तर ती जास्त वेळ जळते, लहान असेल तर लवकर विझते. एवढं सोपं. आणि एवढं सोपं असून हाच प्रश्न जेव्हा आमच्या सोसायटीच्या आवारात, माझ्या पायाशी येऊन पडला, तेव्हा मी कोरा पेपर दिला. मार्क मात्र शिवदासचे कापले गेले.

मला राग आलेला आहे, हे आधीच सांगून टाकते. तीन महिने झाले तरी उतरत नाही. सोसायटीतले लोक म्हणतात, नलिनीबाई, बीपी सांभाळा. डोंबल माझं बीपी!

शिवदास घाडी आमच्याकडे टाक्या धुवायला यायचा. मुलुंड पूर्वेच्या निम्म्या सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. मूळचा देवगडकडचा. बाप गिरणीत होता, गिरणी बंद पडली तसा लालबागची खोली विकून नाहूरला आला. शिवदासने प्लंबरकडे उमेदवारी केली, मग टाक्यांत उतरायला लागला. ठेंगणा, काटक, पन्नाशीचा माणूस. बोलायचा आपल्यासारखंच, पण चिडला किंवा घाबरला की मालवणी बाहेर यायची. आपण टाकीचं झाकण उघडून कधी बघत नाही. दहा फूट खोल, काळोख, शेवाळ, बुडाशी गाळ, मेलेली पाल. ते सगळं घासून, ब्लिचिंग मारून, उपसून हा माणूस वर यायचा आणि म्हणायचा, "आता बिनधास्त प्या."

त्याची एक पद्धत होती. झाकण उघडलं की तो लगेच उतरायचा नाही. पत्र्याचा एक डबा होता त्याच्याकडे, दोन बाजू कापलेला. त्यात मेणबत्ती लावायची, नायलॉनच्या दोरीने डबा टाकीच्या बुडापर्यंत सोडायचा आणि उकिडवं बसून मोजायचं. मोठ्याने. एक, दोन, तीन. दोनशेपर्यंत मेणबत्ती जळली तर उतरायचं. त्याआधी विझली तर त्या दिवशी काम बंद, झाकणं उघडी ठेवून घरी. आणि उतरताना छातीभोवती दोरी, तिचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. हे दोन नियम त्याने देवाच्या बापासाठीही मोडले नसते.

लोक हसायचे. आमचा वॉचमन दशरथ तर त्याला 'आला वाढदिवसवाला' म्हणायचा. शिवदास मोजणं थांबवायचा नाही, फक्त डावा हात वर करायचा, गप्प बस म्हणून.

ही पद्धत त्याला कोणी शिकवली? मी. म्हणजे त्याच्या मुलीने, आणि तिला मी.

जान्हवी माझ्या वर्गात होती. बारा वर्षं झाली त्याला. मी घरी करायला प्रयोग दिला होता, एक मेणबत्ती आणि तीन भांडी. पेल्याखाली किती सेकंद जळते, बरणीखाली किती, मोठ्या डब्याखाली किती, तक्ता करून आणा. पोरीने खोलीत जमिनीवर बसून तो प्रयोग केला आणि बाप चहा पीत बघत होता. पेल्याखाली नऊ सेकंद. लोणच्याच्या बरणीखाली चौतीस. त्याच्या आदल्याच वर्षी घाटकोपरच्या एका टाकीत त्याला चक्कर आली होती, सोबत्याने दोरीने ओढून काढला होता. का आली, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बरणीतली ज्योत बारीक होत गेली तसा तो उठून उभा राहिला म्हणे. पोरीला म्हणाला, "परत कर." तिने परत केला. "परत." पाच वेळा करायला लावला त्याने.

शनिवारी पालकांना भेटायचा दिवस होता. तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. पोरीच्या मार्कांबद्दल एक शब्द नाही. विचारतो काय, "बाई, मेणबत्ती जळते तोवर माणूस मरत नाय ना?"

माझ्यासमोर पंचेचाळीस पेपरांचा गठ्ठा होता. मी मान वर न करता म्हणाले, "हो हो. ज्योतीला लागतं तेच आपल्याला लागतं. उलट ती आपल्याआधी विझते. तुमची मुलगी हुशार आहे, चला, पुढचे कोण?"

चुकीचं नव्हतं ते. पण अर्धवट होतं. मेणबत्ती ऑक्सिजन किती आहे एवढंच सांगते. हवेत आणखी काय आहे, ते तिला कळत नाही. हे एक वाक्य पुढे बोलायला मला किती वेळ लागला असता? पाच सेकंद? पोरांचे अर्धे अर्धे मार्क कापणारी मी, तिथे स्वतःच अर्धं उत्तर देऊन मोकळी झाले. तो मात्र ते 'हो हो' घेऊन गेला आणि बारा वर्षं त्याच्या भरवशावर टाक्यांत उतरला.

आता मे महिन्यातल्या त्या शनिवारचं सांगते.

आमचे चेअरमन श्यामकांत. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. त्यांच्या मुलीचा, अबोलीचा साखरपुडा रविवारी, आमच्याच आवारात मांडव घालून. आणि त्याच आठवड्यात टाकीचं वॉटरप्रूफिंग निघालेलं. कॉन्ट्रॅक्टरने आतून सिमेंटचा लेप दिला आणि सांगितलं, चार-पाच दिवस सुकू दे, मग धुऊन घ्या, मग पाणी भरा. चार-पाच दिवस म्हणजे साखरपुडा उलटून जाणार. श्यामकांतना ते परवडणार नव्हतं. शनिवारी सकाळी त्यांनी शिवदासला बोलावलं. टाकी सुकली आहे, धुऊन टाक, संध्याकाळी पाणी भरायचंय.

सकाळी नऊला मी भाजी घेऊन परत येत होते, तर टाकीपाशी आवाज चढलेले.

"अठ्ठावीसला विझली," शिवदास सांगत होता. "दोनशेचा नियम आहे साहेब. अठ्ठावीस म्हणजे कायच नाय."

"वाऱ्याने विझली असेल."

"दहा फूट खाली वारा खंयचो?" मालवणी बाहेर आली तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण तापलंय. "मी आज जावचंय नाय. दोन्ही झाकणां उघडी ठेवा, उद्या बघू."

"उद्या माझ्याकडे दीडशे माणसं आहेत!"

आणि मग श्यामकांतनी काय केलं ऐका. डबा शिवदासच्या हातातून घेतला, मेणबत्ती पेटवली आणि दोरी सोडली ती जेमतेम दोन-अडीच फूट. टाकीच्या तोंडाशी. तिथे ती जळणारच ना! बाहेरची हवा तिथवर येतेच. ते घड्याळाकडे बघत उभे राहिले, एक मिनिट, दोन मिनिटं, आणि जमलेल्या चार लोकांना म्हणाले, "बघा, जळतेय की व्यवस्थित. हा उगाच नखरे करतो."

माझी भाजीची पिशवी तिथेच खाली ठेवली मी. "अहो श्यामकांत, माणूस काय तोंडाशी लटकून टाकी धुणार आहे? बुडाशी सोडा!" आणि मीच दोरी हातात घेऊन डबा खाली सोडला. ज्योत अर्ध्यावर गेल्यावर पिवळी, आखूड झाली आणि बुडाला टेकायच्या आत गेली. पंधरासुद्धा मोजून झाले नव्हते.

"हे बघा शास्त्र," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "खाली ऑक्सिजन कमी आहे. शिवदास बरोबर बोलतोय. एकाही माणसाने खाली पाय ठेवायचा नाही."

किती फुगले होते मी! वाटलं, बघा, आमचा सातवीचा धडा. श्यामकांतचं तोंड उतरलं. झाकणं उघडी ठेवायचं ठरलं. तेही दोन्ही नाही, एकच, कारण दुसऱ्या झाकणावर मांडववाल्याने स्टेज बांधून ठेवलं होतं आणि ते हलवायला श्यामकांत तयार नव्हते. मग दशरथने क्लब हाऊसमधला उभा पंखा आणून उघड्या झाकणाशी लावला. शिवदास म्हणाला, "दुपारी परत मोजतो. दोनशे झाले तरच." झाकणात वाकून त्याने हात आत घातला होता, तो काढताना म्हणाला, "बाई, भितर गरम लागता."

"मे महिना आहे रे," मी म्हटलं.

मे महिना! जमिनीखालची टाकी मे महिन्यात गार असते हे मला माहीत नव्हतं? शाळेत माठ का गार राहतो ते शिकवलं, आणि इथे माझ्या डोक्यात दगड भरले होते. बुडाशी ऑक्सिजन कमी आहे, बरं. पण का कमी आहे? नव्याने लेप दिलेली, कोरडी, रिकामी टाकी. ना गाळ, ना शेवाळ. कोणी खाल्ला तिथला ऑक्सिजन? हाच तर प्रश्न होता. मेणबत्ती का विझली, कारण द्या. मी 'ऑक्सिजन कमी' म्हणून अर्धं उत्तर दिलं आणि भाजीची पिशवी उचलून वर गेले. जेवले. आडवीही झाले.

दीडच्या सुमारास खालून दशरथ ओरडला. त्याचं ओरडणं मी या जन्मात विसरणार नाही.

खाली पोचले तेव्हा शिवदासचा सोबती आणि दशरथ दोघं दोरी ओढत होते. इस्त्रीवाला धावत आला, मांडवाचे दोघं आले. एक जण शिडीवरून उतरायला निघाला होता, त्याची कॉलर धरून मी त्याला मागे खेचला. आत कोणी जायचं नाही! दोरी ओढा! त्याच्या त्या दुसऱ्या नियमाने तो वर आला. मान एका बाजूला पडलेली, तोंडातून फेस, चेहरा मात्र लालबुंद. मेलेल्या माणसाचा असतो तसा निळसर नाही. चांगला तांबूस.

मी टाकीत वाकून बघितलं. खाली कोपऱ्यात त्याचा डबा होता. त्यात मेणबत्ती जळत होती. छान, सरळ, उंच ज्योत.

सोबती रडत सांगत होता, "दोनशे मोजले हो बाई. मग परत दोनशे मोजले. मग उतरला. सोबत डबा घेऊन गेला, घासताना बाजूला ठेवला. मेणबत्ती एकदापण हलली नाय."

दोन गल्ल्या सोडून एक लहान नर्सिंग होम आहे, तिथे त्याला रिक्षातून नेला. पोरगेल्या डॉक्टरने बोटाला ते चिमट्याचं यंत्र लावलं. ते आता घराघरांत आहे. आकडा आला अठ्ठ्याण्णव. "ऑक्सिजन तर मस्त आहे," तो म्हणाला. तोंडावर लावलेला ऑक्सिजनचा मास्क काढून बाजूला ठेवला आणि सलाईन लावलं. ऊन लागलं असेल, नाहीतर हार्टचं काहीतरी. दोन तास झाले तरी शिवदास डोळे उघडेना, तेव्हा त्याने विचारलं, "टाकीत काही होतं का? केमिकल, गॅस, काही जाळलं होतं का?"

श्यामकांत माझ्या शेजारी उभे होते. शिंप्याकडून रेशमी झब्बा आणायला निघालेले, तसेच आले होते. त्यांच्याकडे बघून डॉक्टरने विचारलं. आणि ते म्हणाले, "छे छे, काही नाही. मेणबत्ती जळत होती शेवटपर्यंत. म्हणजे ऑक्सिजन होताच. नलिनीताईंनी सकाळी आम्हाला सगळं समजावलंय. नाही का हो?"

मी मान हलवली. हो, हलवली. आणि मान हलवता हलवताच लक्षात आलं, उत्तर चुकतंय. कारण सकाळी ती जळत नव्हती. सकाळी ती अठ्ठावीसला विझली होती. कोरड्या, रिकाम्या टाकीतला ऑक्सिजन कमी होतो तो आपोआप होत नाही. आत काहीतरी जळावं लागतं.

मी तशीच उठले आणि सोसायटीत परत गेले. दशरथ पंप रूमच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. मी त्याला विचारलं नाही, सरळ सांगितलं, "दशरथ, टाकीत काय पेटवलं होतं ते दाखव."

तो उठला. पंप रूमच्या मागे, मांडवाच्या ताडपत्रीखाली दोन घमेली होती. राखेने भरलेली. बोट घातलं तर आत अजून ऊब होती.

"साहेब म्हणाले कोणाला सांगू नको," दशरथ म्हणाला. "इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले. काल दुपारपासून आत लटकावून ठेवले, दोन्ही झाकणं बंद. आज सकाळी सहाला काढले. साहेब बोलले, लेप लवकर सुकतो. त्यांच्या आजोळी पावसाळ्यात कपडे असेच सुकवायचे शेगडीवर."

आजोळी! अहो, आजोळच्या शेगडीवर टोपली पालथी घालत होते, तिला भोकं असतात, घराला खिडक्या असतात. कोंडून ठेवलेला निखारा आधी ऑक्सिजन खातो, आणि तो कमी पडायला लागला की धुमसत राहतो. धुमसताना कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. पंखा लावून थोडी बाहेरची हवा आत गेली, मेणबत्तीला पुरेल एवढा ऑक्सिजन आला. पण तो विषारी वायू सगळा गेला नव्हता. तो रक्तात शिरतो आणि ऑक्सिजनची जागा बळकावून बसतो. बोटाच्या यंत्राला या दोघांतला फरक कळत नाही. रक्त लाल दिसलं की ते अठ्ठ्याण्णव म्हणतं. मेणबत्तीला जे कळलं नाही तेच यंत्रालाही कळलं नाही. माझ्यासारख्या बाईला कळायला हवं होतं, म्हणून तर मला सरकारने एकतीस वर्षं पगार दिला.

मी एक घमेलं उचललं. अडुसष्ट वर्षांची बाई, राखेचं घमेलं मांडीवर घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणाला, "आजी, गाडी खराब होईल." मी म्हटलं, "होऊ दे, चल." नर्सिंग होममध्ये गेले आणि ते घमेलं डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं. राख कागदांवर उडाली.

"हे होतं टाकीत. पंधरा-सोळा तास. झाकणं बंद करून."

डॉक्टर ताडकन उठला. मास्क परत चढवला, ऑक्सिजन पूर्ण सोडला, ॲम्ब्युलन्स बोलावली. घाटकोपरच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, तिथे रक्त तपासलं, विषाचं नाव निघालं. पण मधले अडीच तास गेले ते गेले. शिवदास मास्क काढून पडला होता आणि ज्याला उत्तर माहीत होतं तो माणूस त्याच्या उशाशी उभा होता.

कॉरिडॉरमध्ये मी श्यामकांतना विचारलं, "का नाही बोललात?"

"नलिनीताई, मला काय माहीत कोळशाने असं होतं?"

"मग दशरथला कोणाला सांगू नको असं का सांगितलंत?"

ते हळूच म्हणाले, "उद्या अबोलीचा साखरपुडा आहे हो. पोलीस आले असते दारात."

मी त्या माणसाला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर 'नालायक' म्हटलं. आजवर मी वर्गातल्या सगळ्यात व्रात्य पोरालाही तो शब्द वापरला नव्हता. परत वापरायची वेळ आली तर परत वापरेन.

साखरपुडा झाला. रविवारी सकाळी दोन टँकर आले, पाणी आलं, दीडशे माणसं जेवली. टँकर! एका फोनवर येणारे टँकर! मग शनिवारी कोणासाठी चालला होता तो सगळा आटापिटा? सोमवारी नोटीस बोर्डावर कागद लागला: 'टाकीचे काम यशस्वीपणे पूर्ण झाले आहे. सहकार्याबद्दल सर्व सभासदांचे आभार.' मी तो फाडला. दुसरा लागला, तोही फाडला.

पोलिसांत मी स्वतः गेले. श्यामकांतनी आधीच लिहून दिलं होतं की कामगाराने स्वतःच्या अडाणी पद्धतीवर, मेणबत्तीवर विसंबून निष्काळजीपणा केला. चोराच्या उलट्या बोंबा. ज्या मेणबत्तीने सकाळी त्यांना नाही म्हटलं, तिच्याच डोक्यावर सगळं. मी माझ्या जबाबात घमेल्यांबद्दल लिहिलं, स्टेजखालच्या बंद झाकणाबद्दल लिहिलं, 'छे छे, काही नाही' हे शब्दच्या शब्द लिहिले. मग बारा वर्षांपूर्वीचं माझं 'हो हो'ही लिहिलं. हवालदार म्हणाला, "मॅडम, हे कशाला? याचा केसशी संबंध नाही." मी म्हटलं, "लिहा हो तुम्ही." त्याने लिहिलं.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मला म्हणतात, बाई ड्रामा करतात. सोसायटीचं नाव खराब होतं, फ्लॅटचे भाव पडतील. दशरथने मात्र पोलिसांना खरं सांगितलं, आणि महिन्याभरात त्याची नोकरी गेली. त्याच्या जागी आता एजन्सीचा माणूस आहे, तो सगळ्यांना सलाम करतो.

शिवदास वाचला. सतरा दिवस हॉस्पिटलात होता, हातपाय चालतात, जेवतो, ओळखतो. सगळे म्हणाले, देवाची कृपा. मलाही वाटलं, सुटलो.

गेल्या रविवारी सकाळी जान्हवी त्याला घेऊन माझ्याकडे आली. ती आता अंधेरीला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. डोळ्यांखाली काळं आलं होतं पोरीच्या. शिवदास कोचावर टेकून बसला, हात मांडीवर ठेवून. माझ्याकडे बघून हसला. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, बटणं मात्र एक खाली एक वर लावलेली.

"बाबांना तुम्हाला काहीतरी दाखवायचंय," जान्हवी म्हणाली. "घरी रोज करतात. मी नको म्हटलं की चिडतात."

त्याने पिशवीतून तो पत्र्याचा डबा काढला. मेणबत्ती काढली. दोन काड्या मोडल्या, तिसरी लागली. माझ्या टीपॉयवर डबा ठेवून तो समोर उकिडवा बसला. टाकीशी बसायचा तसाच.

"एक," त्याने मोठ्याने सुरू केलं. "दोन. तीन."

मी आणि जान्हवी बघत होतो. त्याचा आवाज पूर्वीसारखाच खणखणीत होता. वीस झाले. तीस झाले. खिडकी उघडी होती, ज्योत व्यवस्थित जळत होती. छत्तीस. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.

तो थांबला. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. डावा हात हळूहळू वर गेला, कोणी बोलू नये म्हणून, पण बोलत कोणीच नव्हतं. जान्हवीने तोंड फिरवलं.

मग त्याने माझ्याकडे बघितलं, बारा वर्षांपूर्वी टेबलासमोर उभा राहून बघितलं होतं तसंच.

"बाई," तो म्हणाला, "फुडे काय?"

"चाळीस," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. ज्योतीकडे बघितलं आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. एक. दोन. तीन.